पहिल्या चोवीस तासांतली लस

सरकारी दवाखान्यात बाळ जन्मलं की घरी सोडण्याआधी त्याला तीन लशी दिल्या जातात. तोंडात पोलिओचे दोन थेंब, डाव्या दंडावर बीसीजी आणि मांडीत हिपॅटायटिस बी. पोलिओ आणि बीसीजीबद्दल सहसा कोणी हरकत घेत नाही. ही नावं आजीच्याही कानावरून गेलेली असतात. तिसऱ्या सुईपाशी मात्र नातेवाईक अडतात. एवढ्या कोवळ्या जिवाला आजच का टोचायचं? सव्वा महिना होऊ द्या, बारसं होऊ द्या, मग बघू. शिवाय हा म्हणे रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणारा आजार, मग तान्ह्या बाळाचा त्याच्याशी काय संबंध?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर लागण कोणत्या वयात होते यात आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू धडधाकट प्रौढ माणसाच्या शरीरात शिरला, तर १०० पैकी ९५ हून अधिक जणांचं शरीर काही महिन्यांत त्याला हुसकावून लावतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये साधारण एकतृतीयांश जणांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. आणि लागण जन्माच्या वेळी झाली, तर १०० पैकी ९० बाळांच्या यकृतात तो कायमचा राहतो. नवजात शरीराला आपलं कोण आणि परकं कोण याची ओळख पुरती पटलेली नसते, म्हणून त्या वयात आलेल्या विषाणूशी ते लढतच नाही.

अशा बाळाला कावीळ होत नाही, ताप येत नाही, वजन घटत नाही. ते रांगतं, शाळेत जातं, मैदानावर खेळतं, नोकरीला लागतं. यकृताची झीज आत चालू असते आणि ती दिसत नाही. मग पस्तिशी-चाळिशीत, म्हणजे घर ज्याच्यावर चालतं अशा वयात, पोटात पाणी साठू लागतं किंवा रक्ताची उलटी होते. तपासणीत सिऱ्होसिस निघतो, नाहीतर यकृताचा कर्करोग. बालपणी विषाणू कायमचा राहिलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा असा अकाली जातो. चाळिसाव्या वर्षीच्या या मरणाचा उगम बाळंतपणाच्या खोलीत असतो, आणि ते मरण अडवण्याची सर्वांत चांगली संधीही तिथेच असते.

बाळंतपणात आईचं रक्त बाळाला लागतं. आई बाधित असेल तर विषाणू त्याच वेळी बाळापर्यंत पोचतो. तरीही लस उपयोगी पडते, कारण हा विषाणू सावकाश पसरतो. लागण झाल्यापासून आजार दिसायला एक ते सहा महिने लागतात. त्या अवधीत लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं विषाणूला यकृतात स्थिरावण्याआधी गाठतात. पण शर्यत लवकर सुरू व्हायला हवी, आणि प्रत्येक तासागणिक संधी कमी होत जाते. म्हणून २४ तासांची मर्यादा आहे. आई बाधित असल्याचं आधीच माहीत असेल, तर लशीबरोबर दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो १२ तासांच्या आत देतात. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत आईला टेनोफोविर ही गोळी देऊन तिच्या रक्तातल्या विषाणूंचं प्रमाणही कमी करता येतं. लस मिळालेल्या बाळाला अशा आईने अंगावर पाजायला हरकत नाही.

मग फक्त बाधित आयांच्याच बाळांना लस द्यावी, असं कोणी म्हणेल. कागदावर ते बरोबर वाटतं. प्रत्यक्षात बाई रात्री दोन वाजता येते, तपासणीचे कागद माहेरी राहिलेले असतात, किंवा रक्त तपासलेलंच नसतं. शिवाय घरात आईशिवाय इतरही माणसं असतात. रक्ताच्या वाळलेल्या डागात हा विषाणू सात दिवस तग धरतो. एकाच ब्लेडने दाढी, एकाच सुईने कान टोचणं, खेळताना खरचटलेले गुडघे, एवढ्यानेही लहान मुलात तो जाऊ शकतो. सगळ्यांनाच लस देण्यामागे हा विचार आहे.

आपल्याकडे या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात आणि काविळीवरचे घरगुती उपाय यालाही लावतात. गळ्यात माळ घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणं, नाकात रस पिळणं हे अजून चालतं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. हिपॅटायटिस बीमध्ये वर्षानुवर्षं डोळे पिवळे होतच नाहीत, त्यामुळे उतरवायलाही काही नसतं. या गैरसमजात जाणारा वेळ मला फार महाग वाटतो, कारण त्या काळात साध्या रक्ततपासणीने निदान होऊ शकलं असतं आणि रोजच्या एका गोळीने विषाणू दाबून ठेवता आला असता.

ही लस कशी बनली ते सांगितल्याशिवाय तिच्या सुरक्षिततेबद्दल बोलणं अर्धवट राहील. १९६० च्या दशकात अमेरिकेत बरूच ब्लुमबर्ग नावाचे डॉक्टर जगभरच्या लोकांच्या रक्तातले फरक अभ्यासत होते. काविळीचा विचार त्यांच्या मनात नव्हता. काचपट्टीवर जेलचा पातळ थर, त्यात पाडलेली छोटी छिद्रं, एका छिद्रात अनेकदा रक्त घेतलेल्या रुग्णाचा रक्तद्रव, भोवतालच्या छिद्रांत निरनिराळ्या प्रदेशांतल्या लोकांचा. दोन द्रव जेलमधून एकमेकांकडे सरकत आणि त्यांचं जमलं तर मधोमध एक बारीक रेघ उमटे. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा रक्तद्रव यांच्यामध्ये अशी रेघ दिसली. हार्वी ऑल्टर यांच्यासोबत केलेल्या त्या कामातून १९६५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पुढे आलं. तो काविळीशी जोडलेला आहे हे कळायला आणखी काही वर्षं लागली. ब्लुमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंना १९६७ मध्ये बरं वाटेना, म्हणून त्यांनी स्वतःचं रक्त तपासलं. आधी कोऱ्या असलेल्या जागी रेघ उमटली होती, आणि पाठोपाठ कावीळ आली. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

ही रेघ ज्यामुळे उमटे, ते विषाणूच्या बाहेरचं आवरण होतं. बाधित माणसाच्या रक्तात खऱ्या विषाणूंपेक्षा अशी रिकामी आवरणंच कितीतरी जास्त असतात, जसं मळणीनंतर खळ्यावर दाण्यांबरोबर फोलपटांचा ढीग पडावा. फोलपटातून रोप उगवत नाही. या आवरणापासूनही आजार होत नाही, पण शरीर त्याला ओळखायला शिकतं. सगळी लस या एका गोष्टीवर उभी आहे.

या वाटेवर एक काळं पानही आहे आणि ते वगळून पुढे जाऊ नये. सॉल क्रुगमन यांनी बाधित रक्तद्रव उकळून तो टोचला तर काही संरक्षण मिळतं हे १९७० च्या सुमारास दाखवलं, पण त्यांचे प्रयोग न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या संस्थेतल्या मतिमंद मुलांवर झाले होते. त्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण केली गेली होती. आज कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही आणि तेव्हाही त्यावर कडक टीका झाली. वैद्यकीय संशोधनात संमतीचे नियम इतके काटेकोर का आहेत, हे अशा घटनांमुळे समजतं.

पुढे मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी बाधित माणसांच्या रक्तद्रवातून ही आवरणं वेगळी केली. त्यात दुसरं काही जिवंत राहू नये म्हणून त्यांनी ती पेप्सिन, युरिया आणि फॉर्मॅल्डिहाइड या तिन्हींतून काढली. वोल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्कमधल्या १,०८३ समलिंगी पुरुष स्वयंसेवकांवर तिची चाचणी घेतली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं औषधविरहित इंजेक्शन. कोणाला काय मिळालं हे ना त्यांना ठाऊक, ना टोचणाऱ्याला. १९८० मध्ये निकाल आला तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये लागण ९२ टक्क्यांनी कमी होती. १९८१ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला, आणि त्याच वर्षी तिथूनच एड्सच्या पहिल्या बातम्या आल्या. माणसाच्या रक्तापासून केलेली लस म्हटल्यावर लोक बिचकले. हिलमन यांच्या तिहेरी प्रक्रियेत एचआयव्ही टिकत नाही हे तपासून सिद्ध झालं, तरी भीती पुरती गेली नाही.

उत्तर यीस्टमध्ये सापडलं. पाव फुगवण्यासाठी जे यीस्ट वापरतात, त्याच्यात विषाणूच्या आवरणाचं तेवढं एक जनुक बसवलं की यीस्ट टाक्यांमध्ये वाढता वाढता ती आवरणं तयार करतं. मग यीस्ट फोडून आवरणं वेगळी काढायची आणि शुद्ध करायची. या पद्धतीने बनलेल्या लशीला १९८६ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. जनुकीय तंत्राने बनवलेली माणसासाठीची ती पहिली लस. आज आपल्या बाळांना मिळते ती याच जातीची. तिच्यात विषाणू नसतो, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही, आणि त्याचं जनुकीय द्रव्यही नसतं. लशीमुळेच हिपॅटायटिस बी होईल का, या प्रश्नाला म्हणूनच ठाम ‘नाही’ असं उत्तर देता येतं. वैद्यकात इतकं ठाम उत्तर क्वचितच देता येतं.

भारतात ही लस आली ती परदेशातून आणि तिची किंमत मध्यमवर्गालाही जड होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पहिली भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि भाव एकदम खाली आले. कंपनी उभी करणारे के. आय. वरप्रसाद रेड्डी मूळचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंते. पुढे इतर भारतीय कंपन्या आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ही लस बनवू लागली. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा शिरकाव २००२-०३ मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि शहरांत झाला, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत ती सुरू झाली आणि २०११-१२ मध्ये देशभर. आता जन्माच्या डोसानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटाव्हॅलंट लस देतात, तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिब या जंतूचा आजार यांच्या जोडीला हिपॅटायटिस बीही असते. म्हणजे पुढच्या तीन डोसांसाठी वेगळी सुई लागत नाही.

लस टोचल्यावर काय होतं? बहुतेकांना काहीच नाही. काहींच्या मांडीत दुखतं, जागा लाल होते, बारीक ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. खरी गंभीर म्हणावी अशी एकच गोष्ट या लशीशी निःसंशय जोडलेली आहे, ती म्हणजे तीव्र ॲलर्जी. अमेरिकेतल्या नोंदींनुसार तिचं प्रमाण सुमारे ११ लाख डोसांमागे एक आहे. ती आली तर बहुधा काही मिनिटांत येते आणि वेळेवर ॲड्रिनॅलिन दिलं की आटोक्यात येते. लस दिल्यावर सिस्टर अर्धा तास बसवून ठेवतात ते एवढ्यासाठी. ‘झालं ना, निघतो’ म्हणून घाई करू नये. आधीच्या डोसाला किंवा यीस्टला अशी तीव्र प्रतिक्रिया आलेली असेल तर ही लस घेऊ नये. पाव खाऊन पोट बिघडतं, याला यीस्टची ॲलर्जी म्हणत नाहीत. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असला तरी लस थांबवत नाहीत. बाळ कमी वजनाचं असलं तरी जन्माचा डोस चुकवायचा नाही. गरोदर बाईलाही गरज असेल तर ही लस देतात.

यापलीकडचे जे आरोप झाले, ते तपासून पाहण्यासारखे आहेत. फ्रान्समध्ये १९९४ पासून मोठी मोहीम झाली आणि मुलांबरोबर प्रौढांनीही कोट्यवधी डोस घेतले. काही जणांना नंतर मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला. हा आजार मुळात तरुण वयातच सुरू होतो, आणि तरुणांनी मोठ्या संख्येने लस घेतली होती. तेव्हा लशीनंतर आजार झालेली माणसं सापडणारच होती. खरा प्रश्न असा की लस न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात तो जास्त आढळतो का. हे मोजून होण्याआधीच ऑक्टोबर १९९८ मध्ये सरकारने शाळांमधलं लसीकरण थांबवलं. डॉक्टरांकडे लस मिळत होती, पण लोकांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दोन मोठ्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात लशीचा आणि या आजाराचा संबंध दिसला नाही. २००४ मध्ये ब्रिटनच्या नोंदींवरच्या एका अभ्यासात संबंध दिसला, पण त्यातले रुग्ण थोडे होते आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो पुन्हा आढळला नाही. फ्रान्सला विश्वास परत मिळवायला वीस वर्षं लागली. २०१८ पासून तिथे बाळांना ज्या ११ लशी सक्तीच्या झाल्या, त्यांत हिपॅटायटिस बी आहे.

अमेरिकेत भीतीचं कारण वेगळं होतं. लशीच्या कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल नावाचं पाऱ्याचं संयुग अगदी थोडं घालत. त्यातला पारा इथिल प्रकारचा असतो आणि शरीराबाहेर लवकर पडतो. माशांमधून येणारा, शरीरात साठत जाणारा मिथिल पारा वेगळा. सुरक्षित मर्यादा ठरल्या होत्या त्या मिथिल पाऱ्याच्या, आणि १९९९ च्या जुलैत त्याच मापाने हिशोब करून, खबरदारी म्हणून, आई बाधित नसलेल्या बाळांचा जन्माचा डोस लांबवायची शिफारस झाली. अनेक रुग्णालयांनी मग सरसकट सगळ्याच बाळांचा डोस बंद केला. मिशिगनमध्ये एका आईचा अहवाल प्रत्यक्षात पॉझिटिव्ह होता, रुग्णालयापर्यंत तो निगेटिव्ह म्हणून पोचला. बाळाला लस मिळाली नाही आणि तीन महिन्यांचं होऊन ते हिपॅटायटिस बीने गेलं. सर्वांना डोस द्यायचा नियम चालू असता तर अहवालातल्या चुकीने त्याचं एवढं नुकसान झालं नसतं. आपल्याकडच्या अनेक डोसांच्या कुपीत थायोमर्सल असतं, कारण तिच्या रबरी बुचात पुन्हा पुन्हा सुई जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षितता समितीने हा प्रश्न वारंवार तपासला आणि अपाय झाल्याचा पुरावा तिला मिळाला नाही.

सर्वांत वेदनादायक प्रकरणं तान्ह्या बाळांच्या मृत्यूंची. व्हिएतनामच्या क्वांग त्री प्रांतात जुलै २०१३ मध्ये लस टोचल्यावर लगेच तीन नवजात बाळं गेली. देश हादरला. तपासात निघालं ते असं की बाळांना लस मिळालीच नव्हती, शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरायचं औषध चुकून टोचलं गेलं होतं. दोन्ही कुप्या एकाच फ्रिजमध्ये होत्या. चूक माणसाची आणि मांडणीची होती, पण फटका लशीला बसला आणि त्या वर्षी देशातलं जन्माच्या डोसाचं प्रमाण घसरलं. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनमध्ये एका कंपनीची लस घेतलेल्या १७ बाळांच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाले नव्हते असं निष्पन्न झालं, तोवर काही प्रांतांत या लशीचा वापर सुमारे ३० टक्क्यांनी घटला होता.

असे मृत्यू एकामागोमाग का दिसतात, याचा हिशोब आपल्याच आकड्यांवर मांडू. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार भारतात जन्मलेल्या दर १,००० बाळांपैकी १५ पहिल्या आठवड्यात दगावतात. कारणं ठाऊक आहेत: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग. वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात, म्हणजे पहिल्या आठवड्यातले मृत्यू तीन लाखांच्या घरात. त्यातल्या बऱ्याच बाळांना पहिल्याच दिवशी लस मिळालेली असणार. आईवडिलांना त्या दोन घटना लागोपाठ दिसतात आणि त्यांनी त्या जोडल्या तर त्यांना दोष देता येत नाही. त्यांना हवं असतं ते प्रामाणिक तपासाचं उत्तर. यासाठी जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर समित्या असतात. लशीनंतर झालेला प्रत्येक गंभीर त्रास त्यांच्याकडे नोंदवायचा, आणि तो लशीच्या घटकामुळे, लशीच्या दर्जामुळे, टोचणाऱ्याच्या चुकीमुळे की केवळ योगायोगाने, हे त्यांनी ठरवायचं. आपल्या बाळाच्या बाबतीत असं काही झालं तर लेखी नोंद करा असा आग्रह धरण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. लशीवरचा विश्वास अशा नोंदींवरच उभा राहतो. त्या दडवल्या गेल्या तर मला पालकांपेक्षा यंत्रणेची चूक मोठी वाटेल.

तीस वर्षांहून अधिक काळ एवढी मोजदाद झाल्यावर हाती काय आलं, ते तैवानमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथे जुलै १९८४ मध्ये बाधित आयांच्या बाळांना आणि १९८६ पासून सर्व बाळांना लस सुरू झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग १९८१-८६ मध्ये दर लाखामागे ०.७० होता, तो १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आला. एखाद्या लशीने कर्करोग कमी होतो, याचा जगाला मिळालेला हा पहिला पुरावा. आपल्या शेजारच्या बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि थायलंड या चार देशांनी २०१९ मध्ये पाच वर्षांच्या मुलांमधलं बाधितांचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. त्या यादीत भारत नव्हता. २०२२ च्या अंदाजानुसार आपल्याकडे २ कोटी ९८ लाख लोक हा विषाणू बाळगून आहेत.

आता कुपीकडे जरा जवळून पाहू. द्रव थोडा गढूळ असतो, कारण आवरणं ॲल्युमिनियमच्या बारीक क्षारकणांना चिकटवलेली असतात. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. उष्णतेने चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका झाला की कुपी टाकून द्यायची. पण या लशीचा मोठा शत्रू थंडी आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. ती २ ते ८ अंशांतच ठेवायची. एकदा गोठली की कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि तिची ताकद जाते. म्हणून उपकेंद्रावर लस नेताना बर्फाच्या पिशव्या थेट डब्यात भरत नाहीत. आतलं पाणी खळखळू लागेपर्यंत त्या बाहेर ठेवतात. शंका आली तर मुद्दाम गोठवून वितळवलेली एक कुपी आणि संशयित कुपी एकत्र हलवून टेबलावर ठेवतात. दोन्हींत तळाला गाळ सारख्याच वेगाने बसला, तर संशयित कुपीही गोठलेली होती. अशी लस अपायकारक नसते, पण निरुपयोगी असते, आणि बाळाला संरक्षण मिळालं असं समजून घरचे निर्धास्त राहतात. टोचायची सिरिंज एकदाच वापरता येते, दुसऱ्यांदा तिचा दांडा मागे येत नाही. ती तशी का हवी ते गुजरातेत मोडासाच्या लोकांनी २००९ मध्ये सोसलं. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने तिथे हिपॅटायटिस बीची साथ आली, शेकडो लोक आजारी पडले आणि अनेक जण दगावले.

मोठ्या माणसांचं काय? २०११ पूर्वी जन्मलेल्या बहुतेकांना ही लस बाळपणी मिळालेली नाही. कोणालाही, कितीही काळजी घेतली तरी, हा विषाणू गाठू शकतो. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना मुंबईत सुमारे २०० दात्यांचं रक्त द्यावं लागलं. त्यातल्या एकाकडून विषाणू आला आणि कळलं तेव्हा यकृताचा तीनचतुर्थांश भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. प्रौढांनी आधी एचबीएसएजी ही रक्ततपासणी करावी. आधीच बाधित असलेल्याला लशीने अपाय होत नाही, पण उपयोगही होत नाही. त्याला गरज असते ती यकृताच्या डॉक्टरांची. तपासणी निगेटिव्ह आली तर तीन डोस: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. डायलिसिसवरचे रुग्ण, वारंवार रक्त घ्यावं लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण आणि घरात बाधित जोडीदार असलेली माणसं यांनी तर हे टाळूच नये. पूर्ण डोस घेतलेल्या निरोगी माणसाला संरक्षण किमान तीस वर्षं टिकल्याचं दिसलं आहे, त्यामुळे दर पाच वर्षांनी बूस्टर घ्यायचं कारण नाही.

डॉक्टर आणि परिचारिका यांच्याकडे सहसा लक्ष जातं. राहतात ती दवाखान्यातली झाडलोट करणारी, लाल-पिवळ्या पिशव्या उचलणारी, वापरलेल्या सुयांचे डबे रिकामे करणारी माणसं. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती ०.३ टक्के आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, मग तो कायम कामगार असो की ठेकेदाराचा. वेळापत्रक सहा महिन्यांचं आणि माणसं ठेक्यावरची, त्यामुळे तिसरा डोस सर्वांत सहज राहून जातो. तो राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आज लक्षात आलं तर आज राहिलेला डोस घ्यायचा, आणि एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यायची. ती दर मिलिलिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय एककांच्या वर असेल तर तो माणूस सुरक्षित आहे. नसेल तर तीन डोसांचा आणखी एक क्रम द्यायचा.